ब्रेकचं पेडल घट्ट कसं करावं: घाट उतरणाऱ्या गाडीसाठी

पेडल मऊ लागतं, पाय खोल जातो, दोनदा पंप केल्यावरच ब्रेक वर येतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा पार्ट आधीच ठरवलेला असतो. कुणाला मोठा मास्टर सिलिंडर हवा असतो, कुणाला स्टीलच्या जाळीचे होज, कुणाला रेसिंगचे पॅड. माझं गॅरेज साखरप्याला, आंबा घाटाच्या पायथ्याशी. कोल्हापूरकडून उतरलेल्या गाड्या घाट संपला की याच पट्ट्यात बाजूला लागतात, आणि चाकांचा जळका वास रस्त्यावरून आत येतो. एवढे ब्रेक उघडून पाहिल्यावर मी एकच सांगतो. पार्ट शेवटी घ्या. आधी पायाचा जोर वाटेत कुठे खर्च होतो ते शोधा. बऱ्याच गाड्या नवीन काहीही न बसवता घट्ट होतात, आणि ज्या होत नाहीत त्यांना नेमकं काय बसवायचं तेही या शोधातूनच कळतं.

पेडलचा जोर बूस्टरमधून, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातून, मास्टर सिलिंडरवर येतो, तिथे ब्रेक ऑइलवर दाब तयार होतो आणि तो नळ्यांतून चारी चाकांपर्यंत पोचतो. ऑइल दाबून लहान होत नाही, हवा होते. मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा, पूर्ण पाण्याने भरा, तोंडाशी अंगठा लावून दांडा दाबा. दांडा हलणार नाही. आता आत वाटाण्याएवढा हवेचा बुडबुडा राहू द्या आणि परत दाबा. दांडा जो आत जातो, तोच तुमच्या पायाला लागणारा मऊपणा.

मात्र घट्ट पेडल आणि चांगला ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेडल दगडासारखं कडक आहे आणि गाडी थांबत नाही, असं असेल तर बूस्टर गेला आहे किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी सुटली आहे. ती गाडी चालवत कुठेही नेऊ नका. आपल्याला हवंय ते असं की थोडा मोकळा खेळ संपला की पेडल लगेच भरावं, आणि तिथून पुढे पाय जितका दाबेल तितकाच ब्रेक वाढावा.

आधी तपासणी

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपून ते कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल जरासं खाली गेलं पाहिजे. गेलं तर बूस्टर काम करतोय.

आता इंजिन चालू ठेवून पेडल हलक्या पायाने दाबा आणि मिनिटभर तसंच धरा. मग जोराने दाबून मिनिटभर. दोन्ही करायचं, कारण झिजलेलं रबर जोराच्या दाबाला कधीकधी धरतं आणि हलक्या दाबाला सोडतं. पेडल हळूहळू तळाकडे सरकत असेल तर ऑइल कुठून तरी पळतंय. चाकांच्या आतल्या बाजूला, नळ्यांच्या जोडांवर आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे चिकटतो तिथे टॉर्च मारून ओल शोधा. बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टरच्या आतलं रबर दाब धरत नाही. इथे पुढचं काही करत बसू नका, मास्टर बदला.

पेडल सरकत नाही, पण दोन-तीनदा पंप केल्यावर वर येतं, तर हवा आहे किंवा मागच्या ड्रमचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ढिले पडलेत. आणि सरळ रस्त्यावर पेडल ठीक, पण खराब रस्ता किंवा वळणं गेल्यावर पहिला ब्रेक खोल लागत असेल तर बेअरिंगचा प्ले किंवा डिस्कचं डुलणं बघा. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी थाळी, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात. डुलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते, पुढच्या ब्रेकला पिस्टनला जास्त अंतर चालावं लागतं. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं तर बेअरिंगचा खेळ हाताला कळतो. डिस्कचं डुलणं डायल गेजनेच मोजायचं, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असलं तरी पायाला जाणवतं.

यानंतरही कळत नसेल तर मी नळ्यांना क्लॅम्प लावतो. गोल, गुळगुळीत जबड्याचे होज क्लॅम्प मिळतात. वाइस ग्रिप वापरलात तर नळीच कापेल, आणि जाळीच्या होजला तर क्लॅम्प लावायचाच नाही. रबरी नळ्या सगळ्या बंद करून पेडल दाबा. तरी मऊच असेल तर खोट मास्टरमध्ये किंवा वरच्या नळ्यांत आहे. दगडासारखं झालं तर खोट चाकांत. मग एकेक क्लॅम्प सोडत जा. जो सोडल्यावर पेडल खाली गेलं ते चाक उघडा. या तपासणीला फारसा वेळ लागत नाही आणि चुकीचे पार्ट घेण्याचे पैसे वाचतात. पण नळ्या जुन्या, तडकलेल्या असतील तर क्लॅम्प लावू नका. त्या तशाही बदलायच्याच आहेत.

कोकणातलं पाणी

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, रबरी नळीतून आणि टाकीच्या झाकणातूनसुद्धा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याशिवाय बाराही महिने खारी दमट हवा. देशावर दोन वर्षं टिकणारं ऑइल इथे मी वर्षाने बदलतो.

त्याचं कारण घाटात समजतं. ब्रेक ऑइलचे दर्जे डॉटच्या नंबराने ओळखतात. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा मुरल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ओलं म्हणजे ३.७ टक्के पाणी, एवढंच. एक टनाची गाडी ३०० मीटर खाली उतरली की २९ लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी मुरावी लागते. एवढ्यात दहा लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. इंजिनाने ती रोखली नाही तर ती डिस्क आणि ड्रममध्ये जाते, तिथून कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पिस्टनच्या घरातल्या, ऑइलमध्ये. पाणी मुरलेलं ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि अर्ध्या घाटात पेडल तळाला जातं. सकाळी घरासमोर पेडल छान होतं, ही त्या माणसाची तक्रार खरी असते. थंड झाल्यावर ते परत छान होतं.

म्हणून कोणतेही ब्रेक ठेवा, घाट उतरायचा तो चढताना लागतो त्याच गिअरमध्ये. न्यूट्रल करून, इंजिन बंद करून उतरणारे अजूनही भेटतात. इंजिन बंद झालं की बूस्टरला व्हॅक्यूम नाही, दोन-तीन ब्रेकनंतर पेडल कडक होतं आणि गाडी पायाला दाद देत नाही. चार थेंब डिझेलसाठी हे करू नका, कळकळीने सांगतो.

ऑइल कोणतं घ्यायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच जातीची. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या (जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत टाकायचं नाही. ५ आणि ५.१ यांत लोक गोंधळतात, बाटली नीट वाचा. बाटली लहान आणि सीलबंद घ्या. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली फेकून द्या, तिने गॅरेजातली दमट हवा वर्षभर प्यायली आहे. आणि ब्रेकच्या टाकीत चुकून स्टिअरिंगचं किंवा इंजिनाचं ऑइल पडलं तर सगळी रबरं फुगतात, मग नुसतं धुऊन भागत नाही, रबर असलेला प्रत्येक पार्ट बदलावा लागतो.

हवा काढणं

हे काम दोन माणसांचं. ज्याने ब्रेक कधी उघडले नाहीत त्याने पहिल्यांदा जाणत्या मेकॅनिकसोबत करावं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घोडी (गाडीखाली लावायचा पक्का स्टँड) लावा. इथल्या लाल मातीत घोडीचा पाय रुततो, खाली जाड फळी टाका.

आदल्या रात्री चारही निपलांवर, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूंवर, गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. किनाऱ्याच्या गाड्यांचे निपल गंजून बसलेले असतात, आणि ते तुटले तर कॅलिपर उतरवून खरादवाल्याकडे न्यावा लागतो. निपलाला सहा कोनी रिंग पाना लावा, उघड्या तोंडाच्या पान्याने कोपरे गोल होतात. पाना लावून वर हातोडीचे हलके टोले द्या, मग फिरवा.

टाकीतलं काळं जुनं ऑइल सिरिंजने ओढून घ्या, नवं भरा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर उजवीकडे असतो, म्हणून सर्वसाधारण क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत कंपनीचा क्रम वेगळा आहे, मॅन्युअलात असेल तो पाळा.

निपलाला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेल्या माणसाने पेडल सावकाश दाबून धरायचं आणि “धरलं” म्हणायचं. तुम्ही निपल पाव फेरा उघडायचा. पेडल खाली जाईल, ऑइल येईल. पाय खालीच असताना निपल बंद करायचा, मग “सोड” म्हणायचं. ही शिस्त मोडली, निपल उघडा असताना पाय उचलला, तर हवा परत आत. माझ्याकडच्या पोराला मी पहिल्यांदा हे दोन शब्द शिकवतो, पाना नंतर.

पेडल धडाधडा पंप करू नका, बुडबुडे फुटून बारीक होतात आणि निघता निघत नाहीत. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. मास्टरच्या ज्या भागात पिस्टन एरवी जात नाही तिथे गंज धरलेला असतो. रबर त्यावरून घासलं की काल चांगला असलेला मास्टर आज गळायला लागतो. चार-पाच वेळा झालं की टाकी बघा. ती मिनिममच्या खुणेखाली गेली आणि हवा ओढली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एबीएसच्या गाडीत तर ती हवा मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे एबीएसच्या व्हॉल्व्हच्या डब्यात, अडकते, आणि मग स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय निघत नाही. २०१९ नंतरच्या जवळपास सगळ्या गाड्या एबीएसच्या आहेत, तेव्हा टाकीवर डोळा ठेवा.

प्रत्येक चाकातून स्वच्छ, नव्या रंगाचं, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत थांबायचं नाही. लहान गाडीला लिटरभर पुरतं. पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

कितीही ऑइल काढलं तरी एका चाकातली हवा जात नसेल तर कॅलिपर बघा. निपल सगळ्यात वरच्या टोकाला असायला हवा. कुणी डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल करून बसवला असेल तर निपल खाली येतो आणि हवा वर अडकून राहते. नवा माणूस यात दिवस घालवतो.

मागचे ड्रम

इकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि पिकअपला मागे ड्रम असतात, आणि मऊ पेडलचं घर बऱ्याचदा तिथेच असतं. शू झिजले की आपोआप जवळ आणणारा अ‍ॅडजस्टर आत असतो. पावसाचं पाणी, माती आणि मीठ यांनी तो जाम होतो. मग शू ड्रमपर्यंत पोचण्यातच पेडलचा अर्धा प्रवास संपतो. हँडब्रेकचा दांडा फार वर यायला लागला, ही त्याचीच खूण. हँडब्रेकची केबल ताणून ते लपवू नका.

ड्रम काढून आतली धूळ ओल्या फडक्याने पुसा. हवा मारू नका, ती धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नाही. अ‍ॅडजस्टरचे आटे ब्रशने साफ करा, ब्रेकसाठीचं ग्रीस अगदी थोडं लावा. व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओल आहे का पाहा, असेल तर सिलिंडर बदला आणि ऑइल लागलेले शूसुद्धा. ड्रम बसवून शू हळूहळू बाहेर आणा, चाक हाताने फिरवताना हलकी घासट ऐकू येईल इतपतच. हे करून पेडल वर आलेल्या गाड्या पाहून मालकांना खरंच वाटत नाही की एकही महागडा पार्ट पडला नाही.

पुढच्या कॅलिपरच्या सरकत्या पिनांचीही तीच गत. एक पिन जाम झाली की पॅड तिरपा झिजतो, कॅलिपर दाबताना वाकतो, पेडल रबरासारखं लागतं. पिना काढून पॉलिश पेपरने गंज साफ करा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलंत तर पिनेवरचं रबर फुगून ती आधीपेक्षा घट्ट अडकेल. रबर डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नका.

आता पार्ट

एवढं झाल्यावर गाडी चालवून बघा. अजून घट्ट हवं असेल तर पहिला खर्च होजवर करा. पेडल दाबलेलं असताना रबरी नळी मुठीत धरली आणि ती फुगताना हाताला कळली, तर ती गेली. चारी नळ्या एकदम बदलायच्या. कंपनीची नवी रबरी नळीही मोठा फरक पाडते. आत पीटीएफई (टेफ्लॉन) आणि बाहेर स्टीलची जाळी असलेली नळी त्याहून कमी फुगते, पण जुन्या रबरानंतर जो फरक जाणवतो त्यातला बराचसा नळी नवी असल्याचा असतो. किनाऱ्यावर जाळीची घ्यायची तर वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली घ्या. उघड्या जाळीत खारी वाळू शिरते आणि नळीला आतून घासत राहते. दाबाच्या चाचणीचा शिक्का, गाडीच्या मॉडेलची बरोबर लांबी, आणि नळी कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वायसर, हे बघूनच बसवा. बोल्ट मॅन्युअलातल्या टॉर्कने आवळा. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून आणि चाक लोंबतं सोडून नळी कुठे ताणते, घासते का ते पाहा.

लोखंडी पाइपही त्याच वेळी तपासा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी भरणाऱ्या टेम्पोंच्या चॅसीवर बर्फाचं खारं पाणी ठिबकत असतं, तिथे पाइप वरून पापुद्रा धरतो आणि आतून कागद होतो. बदलताना साधी तांब्याची नळी कधीच नको, ती कंपनाने कडक होऊन तडकते. कोटिंगचा स्टील पाइप किंवा तांबं-निकेलचा घ्या, टोकांना डबल फ्लेअर मारून, म्हणजे टोक फुलवून दुहेरी दुमडून.

पॅडबद्दल थोडक्यात. नावाजलेला, गाडीच्या मॉडेलचा, घाटासाठी उष्णता सहन करणारा घ्या. रेसिंगचा पॅड थंड असताना धरत नाही आणि बाजारातून दुधाची किटली घेऊन परत येणाऱ्या गाडीत तो कधी तापणारच नाही. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याखाली गेली असेल तर लेथवर न मारता बदला. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत आठ-दहा मध्यम ब्रेक मारा, मध्ये गार होऊ द्या, पूर्ण थांबू नका.

मोठ्या मास्टर सिलिंडरचा हट्ट धरणाऱ्यांना मी हिशेब करून दाखवतो. १९.०५ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) जागी २०.६४ चा बसवला तर क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढतं. पेडलचा प्रवास कमी होतो, पायाला ते घट्ट लागतं. पण त्याच पायाच्या जोराला ऑइलमधला दाब १५ टक्क्यांनी कमी मिळतो. म्हणजे घट्टपणा मिळाला आणि ब्रेक गेला. पुढे मोठे कॅलिपर बसवले असतील तरच याला अर्थ आहे, आणि तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांचा तोल आणि एबीएस यांचाही विचार आला. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना आडवं येतं, अपघातानंतर विमा कंपनीही हेच विचारते. साध्या घरच्या गाडीला मूळ मापाचाच नवा मास्टर बसवा. बसवण्याआधी तो व्हाइसमध्ये धरून आतली हवा काढून घ्या, आणि बूस्टरच्या दांड्याचं अंतर तपासा. तो दांडा पिस्टनला दाबून बसला तर ऑइल टाकीत परत येत नाही, ब्रेक आपोआप तापत जाऊन चाकं धरतात.

सगळं झालं की अंगणात चालण्याच्या वेगाने ब्रेक मारा, मग मोकळ्या रस्त्यावर ४० ला. प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून ओल बघा. घाट त्यानंतर. पहिल्यांदा उतरून आलात की चारी चाकांजवळ हात न लावता नुसता नेऊन गरमी बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ते धरतंय, एक गारच असेल तर ते काम करत नाही. ५०० किलोमीटरनंतर टाकीची पातळी आणि जोड पुन्हा पाहा.

ऑइल बदलायला खंडेनवमी बरी. पावसाळा मुरून गेलेला असतो, आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस अजून लांब असतात, आणि गाडी पूजेसाठी तशीही धुतलेली असते. टाकीच्या झाकणावर रंगाच्या पेनाने महिना आणि वर्ष लिहा, खाली डॉटचा नंबर. पुढच्या वेळी गाडी कुणाच्याही हातात असली तरी त्याला विचारायची वेळ येणार नाही.